दारावरचे मामा

मामा म्हणजे कोणाचे सख्खे मामा नव्हेत. एका मोठ्या इस्पितळात अतिदक्षता विभागाच्या दारावर त्यांनी उभी हयात काढली, आणि इस्पितळात दारावरच्या माणसाला सगळे मामाच म्हणतात, म्हणून ते मामा. डॉक्टर त्यांना मामा म्हणत, सिस्टर मामा म्हणत. ज्यांना त्यांनी आत सोडलं नाही असे नातेवाईक पाठीमागे काय म्हणत, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आणि आत न सोडलेले काही थोडेथोडके नव्हते. भेटायची वेळ संध्याकाळची, एका पेशंटमागे एक माणूस, चपला बाहेर, फुलं बाहेर, रडणं शक्यतो बाहेर. एकदा कोणा बड्या माणसाचा मेहुणा ओळखी सांगायला लागला. मामांनी सगळ्या ओळखी शांतपणे ऐकून घेतल्या, बाकावर त्याला जागा करून दिली आणि पुन्हा दारात येऊन उभे राहिले. मेहुणा भेटायच्या वेळेपर्यंत मुकाट बसला. ही गोष्ट मामा पाहुण्यारावळ्यांना रंगवून सांगत. बाकीच्या सांगत नसत. "फक्त पाच मिनिटं हो मामा, नुसतं तोंड बघून येते," म्हणत हातात पिशवी धरून उभ्या राहिलेल्या बायका, बापाला एकदा हाक मारू द्या म्हणणारे थोराड मुलगे, यांना नाही म्हणून घरी आले की त्या दिवशी त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. बायको ओळखायची आणि काही न विचारता ताट उचलायची.

असा हा माणूस निवृत्त झाल्यावर कॉम्प्युटरसमोर बसून मढी मारायला लागला. त्याला कारण मुलगी.

मुलगी एकुलती एक, नोकरीसाठी दूरच्या शहरात. रोज न चुकता फोन करायची आणि रोज तो फोन सुरू होता होताच संपायचा. जेवलात का? जेवलो. गोळ्या घेतल्या का? घेतल्या. तू जेवलीस का? हो. मग दोन्हीकडे शांतता. मामा जन्मभर दारात उभे राहून "आत्ता नाही" एवढंच बोललेले. गप्पा कशा मारतात हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. शेवटी बायको हातातून फोन काढून घ्यायची, आणि मग मायलेकींच्या हसण्याने घर भरून जायचं. मामा पेपर उघडून बसायचे. आपल्या वाट्याला मुलगी गोळ्यांपुरतीच उरलीय, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

मग एका सुट्टीत ती घरी आली, आपला जुना कॉम्प्युटर टेबलावर मांडला, हेडफोन बापाच्या डोक्यावर चढवला आणि म्हणाली, "बाबा, फोनवर तुम्ही बोलत नाही. आता इथे यायचं. काम करता करता बोलू."

इथे म्हणजे एका बेटावर. ओस पडलेली गावं, सताड उघडी दुकानं, रस्त्यात टाकून दिलेल्या गाड्या, मैलोन्‌मैल रान, आणि सगळीकडे भटकणारी मेलेली माणसं. खेळाचं म्हणणं एकच, की इथे जगून दाखवा. भूक लागते, तहान लागते, थंडी वाजते, चावा बसला की ताप चढतो. बेटावर आपल्यासारखी खरीखुरी माणसंही असतात, आपापल्या घरात बसून खेळणारी, आणि जवळ गेलं की त्यांचा आवाज कानात येतो. आपण कॉम्प्युटर बंद करून झोपलो तरी बेट काही झोपत नाही. "मढ्यांना नाही घाबरायचं," मुलीने पहिल्याच दिवशी बजावलं, "माणसांना घाबरायचं."

बायकोने स्वयंपाकघराच्या दारातून पडद्यावर एक नजर टाकली. "निवृत्त झाल्यावर लोक झाडं लावतात," ती म्हणाली, "आमच्याकडे प्रेतं हाकतात."

सुरुवातीला मामा जितक्या वेळा मेले त्यात मढ्यांचा हात फारसा नव्हता. ते जिन्यावरून पडून मेले, पेट्रोल पंपाच्या छपरावरून पडून मेले, कच्चं मांस खाऊन मेले, एकदा तर स्वतःच पेटवलेल्या शेकोटीत उभे राहून मेले. मेलं की समुद्रकिनाऱ्यावर पुन्हा जन्म. अंगात एक बनियन, खिसे रिकामे. मुलीच्या टोळीत ती धरून तिच्या ऑफिसातली चार-पाच जणं होती, आणि मामा मेले की सगळी खदाखदा हसायची. त्यातल्या एकाला सगळे वकील म्हणत. तो वकील नव्हता, पण एखादी गोष्ट पटवायला लागला की समोरच्याने हात टेकलेच पाहिजेत. आणि एक होता मौनी.

मौनीला बोलताना अडखळायला व्हायचं, म्हणून तो खेळात तोंड उघडतच नसे. सगळं ऐकायचा आणि उत्तर टाइप करायचा. मामांना शिकवायचा धीर त्या अख्ख्या टोळीत त्याच्याकडेच होता. "मामा, शिडी. समोर बघा. हळू." पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरं उमटायची, मामा चष्मा वर करून ती वाचायचे, तोवर शिडी निसटायची आणि मामा खाली. मौनी पुन्हा लिहायचा, "काही नाही. परत." मामा मेले की बाकीचे हसत बसायचे आणि हा बूट, कोट आणि खाण्याचा एक डबा घेऊन किनाऱ्यापर्यंत चालत यायचा. किनाऱ्यावर बनियनवर उभा असलेला कोणी अनोळखी दिसला तरी त्यालाही एक डबा द्यायचा. वकिलाला ते आवडत नसे. "आपला माल गावभर वाटत फिरतो," तो म्हणायचा.

पण मामांचं खरं लक्ष होतं मुलीच्या आवाजाकडे. संध्याकाळी ती ऑफिसातून यायची, हेडफोन लावायची, आणि लाकडं तोडता तोडता, खिळे ठोकता ठोकता तिच्या तोंडून दिवसभराचं सगळं बाहेर पडायचं. साहेबाची कटकट, खोलीतला गळका नळ, फसलेला स्वयंपाक. एकदा भिंत रचताना ती मध्येच म्हणाली, "बाबा, मला इथे कधीकधी फार एकटं वाटतं हो." फोनवर हे वाक्य काही केल्या आलं नसतं. मामा म्हणाले, "ती फळी जरा डावीकडे घे." पण त्या संध्याकाळी ते तिच्या शेजारून हलले नाहीत, आणि तिला ते समजलं. त्यानंतर मामा संध्याकाळची वाट बघायला लागले, जशी पूर्वी पेशंटचे नातेवाईक भेटायच्या वेळेची बघायचे.

टोळीने एक जुनं अग्निशमन केंद्र ताब्यात घेतलं होतं. भोवती पत्र्याची उंच भिंत, भिंतीला एकच फाटक, फाटकाला आकड्यांचं कुलूप. आत खाण्याचे डबे, औषधं, बंदुकीच्या गोळ्या आणि सगळ्यांच्या जिवापाड मेहनतीचा एक ट्रक. त्याचं एकेक चाक कोणी कुठून आणलेलं; बॅटरी मौनीने बेटाच्या पार दुसऱ्या टोकाहून पाठीवर वाहून आणलेली. अजून थोडं पेट्रोल जमलं की ट्रकमधून सगळ्यांनी उत्तरेच्या डोंगरात जायचं, असा बेत होता. मुलीचं त्या ट्रकवर फार मन होतं. दिवसा सगळे आपापल्या कामावर, तेव्हा केंद्र ओकंबोकं पडायचं. म्हणून एकदा वकीलच म्हणाला, "मामा, तुम्ही दिवसा घरीच असता. फाटकावर बसाल का?"

मामा का नाही बसणार! छाती दोन इंच फुगली. दुपारचं जेवण झालं की ते हेडफोन चढवून, डोळ्यांत तेल घालून फाटकावरच्या मचाणावर उभे. कोणी अनोळखी आला की वरूनच म्हणायचे, "आत्ता नाही." आवाज तोच, इस्पितळातला. लोक खरंच निघून जायचे. बायको म्हणायची, "घरात पगाराशिवाय पुन्हा ड्यूटी लागलीय." मामा ते कौतुकच समजायचे.

ती दुपार अशीच होती. बायको त्याच खोलीत बटाटे सोलत बसली होती. मामा लाकडाचा ओंडका खांद्यावर घेऊन आवारात फिरत होते, तेवढ्यात फाटकाबाहेरून आवाज आला. तरुण पोराचा, धापा टाकणारा.

"कोणी आहे का आत? काका, आहात का?"

"आत्ता नाही," मामा म्हणाले.

"काका, ऐका ना. माझी आई आहे सोबत. ती पहिल्यांदाच खेळतेय, मीच तिला बसवलंय. तिला चावलंय काका, ती मरायला टेकलीय. तिचा जीव गेला तर ती परत कधी खेळणार नाही माझ्यासोबत. फक्त पाच मिनिटं आत घ्या."

मामा तिथल्या तिथे थांबले. ती पाच मिनिटं त्यांच्या काळजात जाऊन बसली. आयुष्यभर ज्याला ज्याला नाही म्हटलं ती सगळी तोंडं त्या पत्र्याच्या पलीकडे उभी असल्यासारखं त्यांना वाटलं. इथे ना साहेब होता, ना भेटायची वेळ, ना नोकरी जायची भीती. एकदा, फक्त एकदा, दार उघडून बघावं असं त्यांना फार आतून वाटलं.

"थांब, आलो," ते म्हणाले. पण खांद्यावरचा ओंडका काही केल्या खाली ठेवता येईना. कुठलं बटण दाबायचं तेच आठवेना, आणि हात भरलेले असले की फाटक उघडत नाही. मामा ओंडक्यासकट फाटकापुढे गोल गोल फिरत राहिले. बाहेर पोरगा रडवेला झाला. "काका, लवकर! नंबर सांगा, मीच उघडतो!"

आणि मामांनी कुलुपाचे आकडे मोठ्याने, एकेक करून, नीट ऐकू जातील असे सांगितले.

फाटक उघडलं. आत आले चौघे. चौघेही धट्टेकट्टे, बंदुका घेतलेले. मामा त्यांच्या मागे मागे ओंडका घेऊन फिरत राहिले आणि विचारत राहिले, "आई कुठाय? अरे, आई कुठाय तुझी? औषध त्या कपाटात आहे." ते हसत होते. डबे गेले, औषधं गेली, गोळ्या गेल्या. ट्रक सुरू झाला. जाता जाता तो पहिला पोरगा म्हणाला, "सॉरी हां काका," आणि त्याने गोळी घातली. मामा पुन्हा समुद्रकिनाऱ्यावर, बनियनवर.

त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. बायकोने बटाट्यावरून मान वर केली नाही. "गेले का पाहुणे?" एवढंच तिने विचारलं.

संध्याकाळी टोळी जमली आणि एकच गलका झाला. माल गेला, ट्रक गेला, आणि फाटक धड. कुठे तोडफोड नाही. म्हणजे कोणीतरी आकडे दिले होते. मुलीचा आवाज चिरका झाला होता, लहानपणी खेळणं मोडलं की व्हायचा तसा. "बाबा, तुम्ही दुपारी होता ना फाटकावर?"

खरं सांगायचं तर मामांच्या ओठांवर खरं उत्तर आलं होतं. पण त्या चिरक्या आवाजाने ते मागे फिरलं. दार सांभाळणं ही एकच गोष्ट त्यांना येत होती, आणि मुलीच्या चार मित्रांत मान होता तो तेवढ्याच गोष्टीचा. खरं कळलं की फाटक जाणार. फाटक गेलं की संध्याकाळ जाणार. पुन्हा जेवलात का, जेवलो. हे सगळं एका श्वासात त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि ते म्हणाले, "नाही गं. सकाळीच जिन्यावरून पडून मेलो, मग बसलोच नाही. डोळे दुखत होते."

जिन्यावरून पडून मेलो म्हटल्यावर कोणालाच शंका आली नाही. उलट एक जण हसलासुद्धा.

"मग दिवसा होतं कोण?" वकिलाने सुरुवात केली. दिवसा ऑफिसात सगळे होते. सुट्टीवर होता एकटा मौनी. आकडे त्याला माहीत. किनाऱ्यावर अनोळखी लोकांना डबे वाटत कोण फिरतं? मौनी. कड्या एकात एक अडकत गेल्या. पडद्यावर अक्षरं उमटली, "मी नाही." मग पुन्हा, "मी आज आलोच नव्हतो." वकील म्हणाला, टाइप काय कोणीही करतो.

तेव्हा मुलगी म्हणाली, "तू एकदा तोंडाने सांग. तोंडाने सांग, म्हणजे मी विश्वास ठेवते."

मग मामांच्या कानात एक नवा आवाज उघडला. आधी नुसता श्वास. मग "म... म... मी... मी न..." पुन्हा श्वास. कोणीतरी खुदकन हसलं. आवाज बंद झाला. थोड्या वेळाने वकिलाने मौनीचं नाव टोळीतून काढून टाकलं.

मामा हे सगळं ऐकत होते. हेडफोन डोक्यावर होता, तोंडासमोर बोलायची नळी होती, जीभ जागेवर होती. मामा मूग गिळून बसून राहिले.

दुसऱ्या दिवसापासून नवं कुलूप, नवे आकडे, पुन्हा जमवाजमव. मामा पुन्हा फाटकावर. मुलगी म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही बसला असतात ना बाबा, तर हे झालंच नसतं." मामा हं म्हणाले. त्या हंची त्यांना इतकी लाज वाटली की पाणी प्यायच्या निमित्ताने ते उठून मोरीपर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले.

आता मरायचीही चोरी झाली. मेलं की किनारा, आणि किनाऱ्यावर बूट घेऊन येणारं कोणी नाही. मामा बनियनवर कुडकुडत चालत यायचे आणि वाटेत मढी दिसली की लपायचे. माणसांसमोर आणि मढ्यांसमोर, दोन्हीकडे तोंड लपवायची वेळ आली होती.

"तो शिडी शिकवणारा हल्ली दिसत नाही तो?" एकदा बायकोने विचारलं.

"नसतो येत."

"का बरं?"

मामा हेडफोनची वायर गुंडाळायला लागले. बायको हात पुसत समोर येऊन उभी राहिली. "अहो, मी बटाटे सोलत होते, बहिरी नव्हते. आकडे तर तुम्ही असे सांगितलेत की शेजारच्यांनाही पाठ झाले असतील. लेकीला सांगून टाका."

"खेळ आहे तो. आज ना उद्या विसरतील सगळे."

"मग तुम्ही का नाही विसरत? रात्रीचं ताट तसंच्या तसं परत येतंय."

मामा चिडले. चिडणं त्यातल्या त्यात सोपं होतं. तुला त्यातलं काय कळतं, असं म्हणून त्यांनी पेपर उघडला. मग रोज आज सांगू म्हणत बसायचे आणि संध्याकाळी मुलगी प्रसन्न आवाजात "बाबा, आलात?" म्हणाली की बेत बारगळायचा. एवढा गोड आवाज आपल्या हाताने कसा बिघडवायचा, असं ते स्वतःला समजावत. स्वतःला समजावण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता.

आणि मग ते खेळ आहे म्हणायची सोयसुद्धा राहिली नाही. एका संध्याकाळी वकील हसत हसत ऑफिसातली गंमत सांगत होता. मौनीला आता तिथे सगळे फितूर म्हणत होते. तो जेवायच्या जागेत शिरला की कोणीतरी ओरडायचं, "डबे झाका रे, फितूर आला!" ज्यांनी हा खेळ कधी बघितला नव्हता तेही म्हणत होते. "आता दुसऱ्या शाखेत बदली मागितलीय म्हणे त्याने," वकील म्हणाला. "एवढंसं मनाला लावून घेतं का कोणी!"

मामांना एकदम दिसलं ते एक ताट. कुठल्या तरी ऑफिसच्या कोपऱ्यात, न जेवता परत गेलेलं.

रविवारी सकाळी बेटावर सगळे जमलेले असताना मामा फाटकासमोर येऊन उभे राहिले. बायको शेजारच्या खुर्चीवर चहाचा कप घेऊन बसली होती. ती उठली नाही.

"मला काही सांगायचंय," मामा म्हणाले. "त्या दुपारी मी होतो. आकडे मीच दिले. आई आजारी आहे म्हणाला, म्हणून दिले. आणि नंतर खोटं बोललो."

मामांनी डोळे मिटून घेतले. आता जे काय ऐकावं लागेल त्याला त्यांनी मान पुढे केली होती.

आणि वकील हसत सुटला. "आई आजारी! मामा, काय हो तुम्ही! अहो, हा किती जुना डाव आहे!" मग सगळेच हसले. कोणी म्हणालं, मामा किती भोळे. कोणी म्हणालं, मामांचं मनच मोठं. मुलगी हसता हसता म्हणाली, "अहो बाबा, एवढ्यासाठी इतके दिवस मनात ठेवलंत? खेळ आहे तो! ट्रक काय, दुसरा बांधू." निकाल लागला. एका मिनिटात मामा निर्दोष सुटले, वर लाडके झाले. ज्या शिक्षेला घाबरून ते इतके दिवस जीव मुठीत धरून बसले होते, ती शिक्षा कुठे नव्हतीच.

मामांना हायसं वाटायला हवं होतं. पण त्यांचे कान लाल झाले. तेच फाटक, तेच आकडे. मामांनी दिले तर भोळेपणा, आणि मौनीने दिले असतील अशी नुसती शंका आली तर फितुरी.

"त्याचं काय मग?" त्यांनी विचारलं.

हसणं हळूहळू विरलं. "त्याला... सांगू की," वकील म्हणाला. "ऑफिसात काय, गंमतच चालली होती." मग तो पेट्रोलचं काहीतरी बोलायला लागला.

दोन दिवसांनी मुलीचा फोन आला. खेळातून नव्हे, साधा फोन. जेवलात का वगैरे काही नाही. "बाबा, मी गेले होते त्याच्या टेबलापाशी. माफी मागितली. तो बरं म्हणाला. टोळीत येत नाही म्हणाला, आणि बदलीही मागे घेत नाही." मग म्हणाली, "तोंडाने सांग, असं मी म्हणाले होते ना बाबा त्याला?"

मामांना नाही म्हणता आलं नाही. बाप म्हणून काहीतरी बोलायला हवं होतं. ते म्हणाले, "मी बोललो असतो, तर तुला ते म्हणायची वेळच आली नसती. त्याचा नंबर दे."

नंबर मिळाला. फोन करावा तर त्याला बोलावं लागेल, म्हणून मामांनी मोबाइलवर लिहायला घेतलं. एका बोटाने, चष्मा वर-खाली करत. दुपार त्यात गेली. दार कसं उघडलं ते लिहिलं, खोटं का बोललो ते लिहिलं, मुलीचा आवाज ऐकायला मिळणार नाही या भीतीपायी गप्प राहिलो तेही लिहिलं. मी बोललो असतो तर माझं सगळं गेलं असतं असं मला वाटलं, असं लिहिलं आणि शेवटी, मला क्षमा कर. पाठवल्यावर मोबाइल पालथा ठेवून ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.

उत्तर संध्याकाळी आलं. मामांनी ते उभ्याउभ्याच वाचलं.

"मामा, दार उघडल्याचं काही नाही. आई आहे म्हटल्यावर मीही उघडलं असतं. तुम्ही घाबरलात, तेही समजतं. मीही रोज घाबरतो. तुमचं स्वतःचं तुम्ही नसतं सांगितलंत तरी चाललं असतं. पण त्या दिवशी सगळे मला बोलत होते, तेव्हा तुम्ही नुसतं एवढं म्हणाला असतात, की हा मुलगा असं करणार नाही, तर मला पुरलं असतं. मला वाटलं होतं, तुम्ही तरी म्हणाल. मी वाट बघत होतो. शिडीवर चढताना आता खाली बघत जाऊ नका."

"काय म्हणतोय?" बायकोने विचारलं. मामांनी मोबाइल तिच्या हातात दिला. तिने तो लांब धरून वाचला, मग जवळ धरून परत वाचला. एरवी तिच्याकडे प्रत्येक गोष्टीला तयार उत्तर असायचं. "हे तर मलाही सुचलं नव्हतं," ती हळूच म्हणाली, आणि मोबाइल टेबलावर ठेवून आत गेली.

मामा खुर्चीवर टेकले. इतके दिवस ते दोनच गोष्टी धरून बसले होते, खरं सांगायचं की गप्प बसायचं. मधे एक तिसरी होती आणि तिच्यासाठी काहीच गमवावं लागणार नव्हतं. संध्याकाळ गेली नसती, फाटक गेलं नसतं, मुलगी रागावली नसती.

टेबलावरच्या हेडफोनमधून मुलीचा बारीक आवाज यायला लागला होता, "बाबा, आलात का?" मामांनी तो उचलला नाही. रिकाम्या खोलीत, कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, ते म्हणाले, "हा मुलगा असं करणार नाही." वाक्य एवढंसंच होतं. ते एका श्वासात संपलं.